रॉड बसला, हाड जुळेना: दुसरी शस्त्रक्रिया आत्ताच करावी का?

वाचकाचा प्रश्न (ओळख वगळून, संक्षेपाने)

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात काम करणारे, चाळिशीच्या आतले एक वाचक लिहितात की, साडेचार महिन्यांपूर्वी दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी परतताना त्यांना अपघात झाला आणि उजव्या पायाची नडगी घोट्याच्या थोडी वर मोडली. हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले होते. त्याच रात्री जखम धुऊन नडगीत रॉड बसवण्यात आला. जखम भरली, टाके निघाले. परंतु गेल्या आठवड्यातील एक्स-रेच्या अहवालात ‘हाड अद्याप जुळलेले नाही’ असे आले आहे. शस्त्रक्रिया करणारे सर्जन म्हणतात, ‘एक स्क्रू काढू, पायावर भार द्या आणि आणखी थोडे थांबा.’ थोरल्या भावाने एक्स-रेचा फोटो पुण्यातील एका डॉक्टरांना मोबाइलवर पाठवला, तेव्हा ‘रॉड बदलून कमरेचे हाड भरावे लागेल’ असे उत्तर आले. रॉड स्टीलचा घातला म्हणूनच हे झाले, असे भावाचे मत आहे. सासऱ्यांना पाय हाडवैद्याला दाखवावा असे वाटते. सर्जनने सहा आठवड्यांपूर्वीच भार द्यायला सांगितले होते, परंतु रॉड वाकेल या भीतीने वाचक आजही वॉकर घेऊन एका पायावरच चालतात. पत्राच्या अखेरीस ते लिहितात की, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू-सुपारीचा मावा खाण्याची सवय आहे आणि ही गोष्ट त्यांनी कोणत्याही डॉक्टरांना सांगितलेली नाही. शस्त्रक्रिया फसली का, दुसरी आत्ताच करून घ्यावी का आणि कामावर केव्हा जाता येईल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सल्ला

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही जे कळवले आहे त्यावरून रॉड बदलण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची आजच घाई करावी असे मला वाटत नाही. मात्र आजवर ज्या पद्धतीने तुम्ही थांबला आहात, त्याच पद्धतीने पुढेही थांबावे असेही वाटत नाही. मी तुमचा पाय तपासलेला नाही आणि तुमचे एक्स-रेही पाहिलेले नाहीत, म्हणून अंतिम निर्णय ते पाहणाऱ्या सर्जननेच द्यायचा आहे. तो निर्णय घेताना तुम्ही काय विचारावे आणि काय सांगावे, एवढ्यासाठी हे उत्तर आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे, ते म्हणजे रॉड बसला की हाड जुळायलाच हवे आणि जुळले नाही तर रॉड बसवण्यातच काहीतरी चुकले असणार. घरातील सर्वांचेच मत या समजावर उभे आहे, मग ते स्टीलला दोष देणारे भाऊ असोत की सर्जनवरचा विश्वास उडालेले सासरे. वस्तुतः रॉड हाड जुळवत नाही. तो हाडाची दोन्ही टोके एका रेषेत धरून ठेवतो, पाय आखूड होऊ देत नाही आणि फिरू देत नाही. जर्मन सर्जन गेऱ्हार्ड क्युंचर यांनी १९४०च्या सुमारास हाडाच्या आतील मज्जेच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची पद्धत रूढ केली. पुढे त्या खिळ्याला वर आणि खाली आडवे स्क्रू लावण्याची सोय झाली. आज तुमच्या पायात आहे तो त्याच घराण्यातला रॉड. स्लॅबखालचे सेंटरिंग जसे आकार धरून ठेवते आणि सिमेंट आपल्या वेळेनेच घट्ट होते, तसे त्याचे काम आहे. अर्थात ही तुलना इथपर्यंतच चालते, कारण ओल्या स्लॅबवर कोणी भार टाकत नाही आणि रॉड घातलेल्या नडगीवर मात्र योग्य वेळी भार टाकावाच लागतो. त्याकडे पुढे येतो.

शरीरातील लांब हाडांमध्ये नडगी जुळायला विशेष वेळ घेते, याचे कारण तिच्या जागेतच आहे. तुमच्या चांगल्या पायाच्या नडगीवर बोट फिरवून पाहा. पुढच्या आणि आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये स्नायूंची गादी नाही. मोडलेल्या हाडाला नवा रक्तपुरवठा मिळतो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंकडून. पोटरीचे मांस घोट्याकडे येईपर्यंत संपते आणि तिथे उरतात त्या फक्त स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या, दोऱ्यांसारख्या कंडरा. तुमची नडगी नेमकी तिथेच मोडली आहे. त्यातच हाड कातडी फाडून बाहेर आले, म्हणजे ते कंपाउंड फ्रॅक्चर झाले. अशा वेळी मोडलेल्या जागी साचणारे आणि हाड जुळण्याच्या कामाला सुरुवात करून देणारे रक्त वाहून जाते, हाडावरचे पातळ आवरण फाटते आणि जंतू आत शिरण्याची वाट मोकळी होते. कातडी शाबूत असलेली, रॉड घातलेली नडगीदेखील साधारणपणे चार ते सहा महिने घेते, कंपाउंड फ्रॅक्चर त्याहून जास्त. त्यामुळे साडेचार महिन्यांच्या एक्स-रेवर मोडीची रेषा दिसते, एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रचलित व्याख्येनुसार तर अपघाताला नऊ महिने होऊन गेल्यावर आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेवर काहीही प्रगती दिसत नसेल, तरच हाड ‘न जुळलेले’ ठरते. प्रत्यक्षात सर्जन इतके थांबत नाहीत. पण साडेचार महिने हा आकडा त्या तुलनेत कुठे बसतो ते तुमच्या लक्षात येईल.

या संदर्भात एका मोठ्या अभ्यासाची माहिती तुमच्या उपयोगी पडेल. कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समधील २९ केंद्रांत नडगीला रॉड घातलेल्या १,२२६ रुग्णांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी ४०० जणांची फ्रॅक्चर कंपाउंड होती. पोकळी आतून कोरून जाड रॉड घालावा की न कोरता बारीक घालावा, हा त्याचा मूळ प्रश्न होता. कातडी शाबूत असलेल्या फ्रॅक्चरमध्ये कोरण्याचा थोडा फायदा दिसला, कंपाउंड फ्रॅक्चरमध्ये दिसला नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यात घालून दिलेला एक नियम. हाड जुळत नाही एवढ्याच कारणासाठी पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करायची नाही, असे सर्व सर्जनना बंधन होते. शेवटी हाड न जुळल्यामुळे रॉड बदलण्याची किंवा हाड भरण्याची वेळ आली ती शंभरात पाचांहूनही कमी जणांवर, आणि आधीच्या अभ्यासांच्या मानाने हे प्रमाण कमी होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात अडलेली दिसणारी बरीच हाडे थोडा अवधी मिळाला की आपापली जुळतात, असा त्याचा अर्थ मी घेतो. खालच्या भागातील कंपाउंड फ्रॅक्चर म्हणून तुमची जोखीम या सरासरीपेक्षा जास्त धरावी लागेल. तसेच हा सहा महिन्यांचा नियम सर्वांना लागू नाही. मोडीच्या जागी हाडाचा तुकडाच गहाळ झाला असेल, आत जंतुसंसर्ग असेल, रॉड मोडला असेल किंवा पाय वाकडा होत चालला असेल, तर थांबून काहीही साधत नाही.

दोन डॉक्टर परस्परविरुद्ध बोलतात, म्हणजे दोघांपैकी एक चूक असला पाहिजे, हे तुमचे दुसरे गृहीतक. दोघांनी काय पाहिले ते आधी पाहा. तुमच्या सर्जनने शस्त्रक्रियेच्या वेळी उघडे हाड पाहिले आणि त्यानंतरचे सर्व एक्स-रे पाहिले. पुण्यातील डॉक्टरांनी पाहिला तो एकाच एक्स-रेचा, बहुधा खिडकीच्या काचेला लावून काढलेला, मोबाइलवरचा फोटो. तुम्ही पायावर भार दिलेला नाही आणि मावा खाता, या दोन्ही गोष्टी दोघांनाही ठाऊक नाहीत. हाड जुळते आहे की अडले आहे हे एका एक्स-रेवरून ठरत नाही, मागच्या आणि आताच्या एक्स-रेतील फरकावरून ठरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या सर्व फिल्म तारखांनुसार एका पाकिटात लावा, सोबत डिस्चार्ज कार्ड ठेवा आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर ती सगळी चळत समोर ठेवून घ्या. त्यासाठी अडीचशे किलोमीटर जाण्याची गरज नाही, सोलापुरातच सिव्हिलमध्ये किंवा अन्य अस्थिरोगतज्ज्ञांकडे ते घेता येईल. पुण्याला जायचेच ठरवले, तरी पाकीट घेऊन स्वतः जा.

एक्स-रे पाहताना सर्जन काय पाहतात तेही सांगतो, म्हणजे त्यांचे बोलणे समजायला सोपे जाईल. समोरून घेतलेल्या फिल्मवर हाडाची आतली आणि बाहेरची कड दिसते, बाजूने घेतलेल्या फिल्मवर पुढची आणि मागची. अशा या चार कडा. मोडलेल्या जागी प्रत्येक कडेवर आधी काहीच नसते, मग ढगासारखा पुसट पांढरा डाग येतो, त्याला कॅलस म्हणतात, आणि पुढे तो डाग दोन्ही टोकांवर पूल बांधतो. चारपैकी तीन कडांवर असा पूल झाला आणि चालताना त्या जागी दुखले नाही, की हाड जुळले असे धरतात. तेव्हा तुम्ही विचारायचा प्रश्न असा आहे: ‘तिसऱ्या महिन्यात किती कडांवर कॅलस होता आणि आता किती कडांवर आहे?’ एकावर होता आणि आता दोनांवर आहे, असे उत्तर आले तर हाड कामाला लागले आहे. एकावरही नव्हता आणि आताही नाही, तर मात्र काळजीचे कारण आहे आणि शोध घ्यायला हवा. रॉडमुळे चित्र स्पष्ट दिसत नसेल तर सीटी स्कॅनने उलगडा होतो.

आता भाराविषयी. रॉड वाकेल या भीतीने तुम्ही सहा आठवडे पाय अधांतरी ठेवला आहे, आणि घरच्यांना त्यात तुमची शिस्त दिसत असेल. परंतु रॉड हा भार वाटून घेण्यासाठीच बनवलेला असतो. पाय टेकल्यावर मोडलेल्या टोकांमध्ये जी अतिसूक्ष्म हालचाल आणि दाब निर्माण होतो, त्याच इशाऱ्यावर शरीर कॅलस तयार करते. भार न मिळालेले हाड विरळ होत जाते. रॉड मोडतात हे खरे आहे, पण ते मोडतात बहुतेक वेळा हाड न जुळता महिनोन्‌महिने सगळा ताण धातूवरच पडत राहिल्यामुळे. म्हणजे रॉड वाचवण्याचाही खात्रीचा मार्ग हाड वेळेत जुळणे हाच आहे. सर्जनने पुन्हा होकार दिला की घरातील साधा वजनकाटा वापरा. दुसऱ्या पायाखाली काट्याच्या उंचीची पाटी किंवा पाट ठेवा, वॉकर धरून उभे राहा, उजवा पाय काट्यावर ठेवा आणि काटा वीस किलोवर येईपर्यंत हळूहळू दाबा. तो दाब पायाला कसा लागतो ते लक्षात ठेवून तेवढाच भार देत घरात चाला आणि सांगितलेल्या गतीने दर आठवड्याला वाढवत न्या. सुरुवातीला टाच आणि घोटा दुखेल, कारण इतके दिवस न वापरलेले सांधे आखडलेले असतात. गुडघ्याच्या पुढे, रॉड जिथून आत घातला त्या जागी दुखणे हेही फार जणांना होते, विशेषतः मांडी घालताना आणि गुडघे टेकताना. त्याचा हाड न जुळण्याशी संबंध नाही. दुखणे नेमके मोडलेल्या जागी असेल आणि भार वाढवताना कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तेवढे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मात्र हे वाचून इतर वाचकांनी लगेच वॉकर बाजूला ठेवू नये. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरला बहुधा प्लेट लावतात, तिथे हाडाचा पृष्ठभाग खचण्याचा धोका असतो आणि भार पुष्कळ उशिरा देतात. रॉड असूनही हाडाचे अनेक तुकडे झाले असतील, तर वेळापत्रक वेगळे असते. शेजारच्या माणसाला सहाव्या आठवड्यात चालायला सांगितले, म्हणून आपणही चालावे असे होत नाही.

माव्याबद्दल तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. धूम्रपान करणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते आणि त्यांच्यात न जुळण्याचे व जंतुसंसर्गाचे प्रमाण जास्त असते, हे वारंवार दिसून आले आहे. हे अभ्यास मुख्यतः विडी-सिगारेटवर झालेले आहेत, हे खरे. पण बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करणारे निकोटिन माव्यातही असते आणि गालात धरलेल्या तोबऱ्यातून ते रक्तात उतरतच राहते. ज्या जागी रक्तपुरवठा आधीच तोकडा आहे, तिथला तो आणखी आवळायचा आणि मग रॉडच्या धातूवर वाद घालायचा, हे काही पटणारे नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर घोटलेला मावा आपल्याकडे किती सहज मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. पाळीत काम करणाऱ्यांना जागे राहण्यासाठी ही सवय लागते, हेही मी जाणतो. म्हणून तुम्हाला दोष देत नाही. उद्याच सर्जनना ही गोष्ट सांगा, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर फिरू शकतो: मावा चालू असताना नवा रॉड घातला आणि हाड भरले, तरी ते हाड त्याच तोकड्या रक्तावर जुळायचे आहे. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम घ्यायचे असेल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच घ्या.

भेटीत आणखी एक शंका दूर करून घ्यायची आहे, ती जंतुसंसर्गाची. कंपाउंड फ्रॅक्चरमध्ये जखम वरून सुकलेली असूनही आत जंतू दबून राहू शकतात आणि हाड जुळू देत नाहीत. रात्री विश्रांतीत असतानाही ठसठसणे, ती जागा लाल किंवा गरम लागणे, मधूनच ताप, जुन्या व्रणातून थेंबभर पाणी किंवा पू येणे, यांपैकी काहीही असेल तर ते क्षुल्लक समजून दडवू नका. शरीरात दाह आहे का हे दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्तचाचण्या करून घ्या. त्याच सुईत साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरीही दिवसभर कारखान्यात आणि आता साडेचार महिने घरात असलेल्या माणसाचे ड जीवनसत्त्व कमी निघणे अगदी शक्य आहे. कमी निघाले तर डॉक्टर सांगतील तेवढाच डोस घ्या. दुकानातून आणून मोठ्या मात्रेची इंजेक्शने घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होतो.

आता तुमच्यापुढील पर्याय. ‘एक स्क्रू काढणे’ हा टाळाटाळीचा उपाय नाही. रॉडच्या एका टोकाचा, बहुधा मोडीपासून दूरच्या टोकाचा, घट्ट धरून ठेवणारा स्क्रू काढला की चालताना दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जातात. काम छोटे असते, पुष्कळदा तेवढीच जागा बधिर करून होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. परंतु याचा उपयोग त्यालाच होतो जो त्यानंतर चालतो. तुम्ही भार देणार नसाल तर स्क्रू काढून काहीच मिळणार नाही. आणि मोड तिरपी किंवा चुरा झालेली असेल, तर पाय आखूड होण्याची शक्यता असल्यामुळे हा उपाय टाळतात. तुमच्या मोडीचा आकार यात बसतो का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. नडगीशेजारचे बारीक हाड आधी जुळून नडगीच्या टोकांना जवळ येऊ देत नसेल, तर त्याचा छोटा तुकडा काढण्याचाही विचार होतो, तेही विचारून ठेवा.

सहा महिने पुरे झाल्यावर, भार देऊन आणि मावा सोडूनही कडांवर काहीच हललेले नसेल, तर पुण्यातील डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया योग्यच ठरेल आणि तेव्हा ती पुढे ढकलू नये. भरपूर कॅलस येऊनही मध्ये फट राहिली असेल, तर हाडात जीव आहे, धरून ठेवणे कमी पडते आहे, असा अर्थ होतो; अशा वेळी जुना रॉड काढून, पोकळी कोरून अधिक जाड रॉड घातला की बहुतेकांचे काम होते आणि वेगळे हाड भरावे लागत नाही. कॅलस मुळीच नसेल तर कमरेच्या हाडाचा गर काढून मोडीच्या जागी भरतात. आत पू असेल तर क्रम बदलतो: आधी सफाई आणि प्रतिजैविके, मग जुळवणे. हाडाचा मोठा तुकडा गेलेला असेल तेव्हा रशियन सर्जन गावरील इलिझारोव्ह यांनी सायबेरियातील कुर्गान येथे विकसित केलेली बाहेरून रिंग लावण्याची पद्धत कामी येते, ज्यात हाड दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढवत नेतात. तुमच्या पत्रात तशी वेळ आल्याचे कोणतेही लक्षण नाही.

भावाच्या मुद्द्याबद्दल थोडक्यात. स्टील आणि टायटॅनियम दोन्हीचे रॉड जगभर वापरले जातात आणि दोन्हींवर हाडे जुळतात. धातूपेक्षा रॉडची जाडी, तो बसवण्याची अचूकता, मोडीच्या टोकांमध्ये राहिलेली फट आणि भोवतालचे मांस यांना महत्त्व आहे.

सासऱ्यांचे मन मोडू नका, पण पाय हाडवैद्याकडे नेऊ नका. शहराच्या पूर्व भागात कोणी हाडवैद्यांसाठी आंध्रातल्या पुत्तूरचे नाव घेतो, कोणी सीमेपलीकडच्या एखाद्या गावाचे, आणि साध्या मोडीवर तिथे बांधलेल्या पट्टीने हाड जुळल्याची उदाहरणेही सांगितली जातात. ती खरी असू शकतात, कारण न हललेले साधे फ्रॅक्चर पट्टीनेच काय, प्लॅस्टरनेही जुळते. अमेरिकेत ऑगुस्तो सार्मिएन्तो यांनी १९६०च्या दशकात नडगीला शस्त्रक्रियेविना, चालता येईल अशा बेताचे प्लॅस्टर घालून बरे करण्याची पद्धत व्यवस्थित मांडून दाखवली आहे. पण तुमचे हाड आतून रॉडने रेषेत धरलेले आहे, बाहेरून बसवायचे असे त्यात काही उरलेले नाही. उलट नुकत्याच भरलेल्या पातळ कातडीवर आवळलेली पट्टी किंवा जोरकस मालीश यांमुळे जखम पुन्हा उघडली, तर जंतूंना थेट हाडापर्यंत वाट मिळेल. सासऱ्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि एक्स-रे त्यांच्यासमोर समजावून घ्या. बहुतेकांचा आग्रह तिथे मावळतो.

हाड लवकर जुळावे म्हणून पायाला लावायचे अल्ट्रासाउंडचे यंत्र भाड्याने घ्यावे का, असे इतर वाचक विचारतात. रॉड घातलेल्या नडगीच्या ५०१ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एक्स-रेवरील जुळणीत फरक नाही आणि पुन्हा कामाला लागण्यातही नाही. तो पैसा अंडी, दूध, डाळी, मटकी, शेंगदाणे यांवर खर्च करावा. पायाचे सूप आवडत असेल तर प्यावे. पण हाडाचे सूप प्याल्याने हाड जुळते, असे नाही. दुखण्यासाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेत असाल तर थांबा: त्या दीर्घकाळ घेतल्यास हाड जुळण्यात अडथळा येतो अशी शंका आहे आणि मूत्रपिंडाला त्या निश्चितच त्रास देतात. पॅरासिटामॉलवर भागते का ते आधी पाहावे.

ज्यांच्या घरात नडगीचे फ्रॅक्चर आजच झाले आहे त्यांच्यासाठी एक सूचना इथेच देतो, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध देऊनही वेदना वाढतच गेली आणि पायाची बोटे नुसती हलवली तरी रुग्ण कळवळू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नये. आतील दाबाने स्नायू मरतात. त्याच रात्री रुग्णालय गाठावे किंवा दाखल असाल तर ड्यूटीवरील डॉक्टरांना बोलावून घ्यावे.

राहिला कामाचा प्रश्न. चेकिंग किंवा पॅकिंगच्या टेबलावर बसून करता येणारे काम मिळत असेल, तर सर्जनच्या परवानगीने ते तुम्हाला वॉकर सुटायच्या आधीही सुरू करता येईल. मधूनमधून पाय वर ठेवता आला पाहिजे, एवढी अट मालकांना सांगा. आठ तास उभे राहण्याचे काम मात्र हाड जुळल्याचे एक्स-रेवर दिसेपर्यंत नको. मोटारसायकलचा पायाचा ब्रेक उजव्याच पायाने दाबायचा असतो, त्यामुळे काठीविना, न दुखता, पूर्ण भार देऊन चालता येईपर्यंत आणि एकदम जोराने ब्रेक दाबण्याची खात्री वाटेपर्यंत ती चालवू नका. तुम्ही ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमाधारक असाल, तर कामावर जाता-येता झालेला अपघात कामावरचाच अपघात धरला जाण्याची तरतूद आहे आणि अशा काळात मिळणारा भत्ता साध्या आजारपणाच्या भत्त्यापेक्षा जास्त असतो. अपघाताची नोंद कारखान्याकडून ईएसआय कार्यालयात गेली आहे का, हे या आठवड्यातच विचारा. गेली नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावीच लागली आणि ईएसआय नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत सोलापूर होते, त्यामुळे शहरातील अनेक रुग्णालयांना तिची कार्यपद्धती चांगली ठाऊक आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे जा, आणि तुमच्या सर्जनने लिहून दिलेली नेमकी शस्त्रक्रिया योजनेत बसते का, याचे उत्तर दाखल होण्याच्या आधी मिळवा.